वृद्धाश्रमातली आबाळ: ओळखावी कशी आणि ओळखल्यावर काय करावे

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे डॉक्टरांचे दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय. बाळंतपणासाठी किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी तेथे जावे आणि चार दिवसांनी घरी परतावे. अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा स्वतःची कूसही स्वतः बदलू न शकणाऱ्या वृद्धांना महिनोन्‌महिने सांभाळणारी जी ठिकाणे पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत आणि त्यांच्या वेशीबाहेर उभी राहिली आहेत, त्यांना कोणी वृद्धाश्रम म्हणते, कोणी शुश्रूषा केंद्र, तर कोणी केअर सेंटर. बंगल्याच्या चार खोल्यांत बारा खाटा टाकून चालवलेले ठिकाण त्यात येते आणि विश्वस्त संस्थेचे शंभर जणांचे आवारही येते. ज्यांचे आई, वडील, आत्या, मामा किंवा सासूबाई अशा एखाद्या ठिकाणी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

छळ म्हटला की मारहाण डोळ्यांपुढे येते. मारहाणही होते, परंतु त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात होते ती आबाळ: तहान लागली असता पाणी न देणे, कूस न बदलणे, ओला डायपर सकाळपर्यंत तसाच ठेवणे, घास गिळायच्या आत दुसरा घास कोंबणे, हाक मारली म्हणून खेकसणे, खाटेला बांधणे, गुंगीची गोळी देऊन झोपवून ठेवणे. जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील अभ्यासांवरून मांडलेल्या आकडेवारीनुसार, अशा संस्थांतील दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी मागील वर्षभरात आपल्या हातून वृद्धांशी गैरवर्तन झाल्याचे स्वतःच सांगितले आहे. इतकी सगळी माणसे दुष्ट असू शकत नाहीत. रात्रपाळीला एकटी असलेली मावशी पंधरा जणांचे करते, तेव्हा त्यांतील कोणाची तरी आबाळ होणे ठरलेले असते, आणि ती जबाबदारी सर्वप्रथम तिला एकटीला ठेवणाऱ्या व्यवस्थापनाची असते. तक्रार करताना हे ध्यानात ठेवावे, नाहीतर मावशीची नोकरी जाते आणि व्यवस्था आहे तशीच राहते.

ज्याच्यावर हे सारे गुदरते, तो सहसा बोलत नाही. काहींना बोलता येत नाही. ज्यांना येते त्यांना ठाऊक असते की भेटायला आलेले परत गेल्यावर रात्र पुन्हा त्याच हातांत काढायची आहे. त्यामुळे ओळखण्याचे काम नातेवाइकांच्या डोळ्यांवर आणि हातांवर येते.

अंग काय सांगते

माझी आत्या पक्षाघातानंतर अशा एका केंद्रात होती. दर रविवारी आम्ही कोणी ना कोणी जात असू. ती स्वच्छ गाऊनमध्ये, केस विंचरून, पावडर लावून बसवलेली असायची. एका भेटीत तिचे पाय गार वाटले म्हणून चोळून द्यावे या हेतूने मी पायमोजे काढले. डाव्या टाचेला रुपयाएवढा जांभळट-काळा डाग होता, आणि उजव्या टाचेचे कातडे फोड फुटल्यासारखे ओले होते. मोज्याचा धागा त्याला चिकटला होता. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “अगं, मावशी बिचारी एकटीच असते रात्री.” सिस्टरने ‘कालपरवा झाले असेल’ असे सांगितले, नोंदवहीत त्याचा उल्लेखच नव्हता. टाचेचा डाग इतका काळा व्हायला पायांवर कित्येक तास, बहुधा अनेक रात्री, एकाच जागी भार पडलेला असतो. पाच आठवडे आम्ही चेहरा पाहून समाधानाने परतत होतो.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, की भेटीला गेल्यावर अंगावरचे कपडे बाजूला सारून पाहावे. त्यात संकोच वाटत असेल तर ‘तेल लावते’, ‘पाय चेपतो’, ‘गाऊन बदलते’ असे निमित्त काढावे. बेडसोअर म्हणजे शय्याव्रण प्रथम येतो तो जेथे हाडावर मांस थोडे आहे तेथे: माकडहाडाच्या वरचा भाग, दोन्ही टाचा, घोटे, खुब्यांची हाडे, खांद्याच्या मागची फरे, कोपरे, आणि सतत उताणे झोपणाऱ्यांच्या डोक्याचा मागचा भाग. पहिल्या पायरीवर जखम नसते, नुसता लाल चट्टा असतो. तो बोटाने दाबून सोडला असता निरोगी त्वचा क्षणभर पांढुरकी होऊन पुन्हा लाल होते. तसे न होता रंग जागच्या जागी राहिला तर तेथे आत इजा सुरू झाली आहे. सावळ्या किंवा काळ्या वर्णावर हा लालपणा दिसतच नाही. तेथे डाग आसपासच्या त्वचेपेक्षा गडद किंवा जांभळा दिसतो आणि हाताला कोमट, कडक किंवा लिबलिबीत लागतो. स्वतः हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी असा शुश्रूषेतला रिवाज आहे. कूस बदलल्याच्या वेळा लिहिलेला तक्ता खाटेपाशी आहे का, हे पाहावे; आणि असलाच तर चोवीस तासांच्या सगळ्या नोंदी एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात, एका बैठकीत केल्यासारख्या तर नाहीत ना, हेही पाहावे.

वळ आणि काळेनिळे डाग यांच्या बाबतीत मात्र घाई करू नये. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन अशी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर खाटेच्या कडेला हात घासला तरी मनगटाच्या पाठीवर किंवा हाताच्या बाहेरच्या बाजूला जांभळे ठिपके उमटतात. शंका यावी अशी ठिकाणे वेगळी आहेत. दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटांच्या पेरांएवढे डाग ओळीने दिसले, तर कोणीतरी घट्ट आवळून धरले होते. मनगटांभोवती किंवा घोट्यांभोवती कड्यासारखा वळ असेल, तर बांधून ठेवलेले असण्याची शक्यता आहे. कान, गाल, मान, छाती, मांड्यांच्या आतला भाग या जागा सहसा पडझडीत दुखावत नाहीत. गुप्तांगाजवळ जखम, रक्तस्राव किंवा फाटलेली अंतर्वस्त्रे दिसली, तर स्वतः पुसू-धुऊ नये, कपडेही बदलू नयेत. थेट रुग्णालयात न्यावे आणि पोलिसांना कळवावे. डाग किती दिवसांचा आहे हे नुसत्या रंगावरून डॉक्टरलाही नेमके सांगता येत नाही, तेव्हा ‘हा हिरवा आहे, म्हणजे जुना’ अशा वादात शिरू नये. पडल्याचे सांगितले गेले, तर कोठे, कधी, कोणासमोर आणि त्यानंतर डॉक्टरांना केव्हा बोलावले, एवढे चार प्रश्न पुरतात. चौघांकडून चार वेगळी उत्तरे आली, तर ती तशीच लिहून ठेवावीत.

वजन हे सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे, कारण त्याला पावडर लावून बसवता येत नाही. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणे ही डॉक्टरांना दाखवण्याजोगी गोष्ट समजली जाते. म्हणजे पन्नास किलोच्या आईचे महिन्यात अडीच किलो गेले, तरी स्वस्थ बसू नये. दर महिन्याचे वजन लिहून देण्याची मागणी दाखल करतानाच करावी. तसे होत नसेल, तर अंगठी सैल झाली का, ब्लाउज खांद्यावरून उतरतो का, कवळी हिरड्यांवरून घसरते का, हे आपल्याला कळतेच. पाण्याच्या कमतरतेची खूण जिभेवर आणि लघवीच्या पिशवीत असते: जीभ कोरडी, भेगाळलेली, लघवी थोडी आणि गडद चहासारखी. पुष्कळ ठिकाणी डायपर वारंवार बदलावे लागू नयेत म्हणून संध्याकाळनंतर पाणीच देत नाहीत. संध्याकाळी गेलात, तर फुलपात्र हाताच्या अंतरावर आहे का हे पाहा, आणि आपण पाणी दिल्यावर माणूस घोट घेतो की अधाशासारखा संपवतो, याकडे लक्ष द्या.

गुंगीचा प्रश्न थोडा अवघड आहे, कारण बाहेरून तो शांतपणासारखा दिसतो. ‘आजी आता अगदी शांत झाल्यात हो, त्रास देत नाहीत,’ हे वाक्य ऐकले की औषधांचा कागद मागावा. दिवसाढवळ्या मान टाकून झोपणे, तोंडातून लाळ गळणे, जीभ जड होणे, चालता येणाऱ्याचा एकाएकी तोल जाणे, जेवताना ठसका लागणे, ही लक्षणे नवी असतील तर कोणती गोळी, कोणत्या डॉक्टरांनी, कोणत्या तारखेपासून सुरू केली हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना मनोविकारांवरची काही औषधे दिल्यास पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, त्यामुळे ती डॉक्टरांनी विचारपूर्वक, थोड्या मुदतीसाठी आणि देखरेखीखाली द्यायची असतात. रात्रपाळी निवांत जावी म्हणून नव्हे. उलट प्रकारही घडतो: मधुमेहाची गोळी वेळेवर दिली जाते आणि जेवण दीड तासाने येते, किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे महिनाअखेरीस शिल्लक निघतात. आपण आणून दिलेल्या औषधांचा हिशेब महिन्यातून एकदा करणे यात अपमान करण्यासारखे काही नाही.

बांधून ठेवण्याबद्दल कायदा काय म्हणतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९७ प्रमाणे मानसिक आरोग्य आस्थापनेत रुग्णाला बांधणे हे तात्काळ होऊ घातलेली इजा टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हाच, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने करता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून ते करता येत नाही, असे त्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवणेही बंधनकारक आहे. स्मृतिभ्रंशाचे किंवा मनोरुग्णांचे स्वतंत्र दालन चालवणाऱ्या केंद्राला ‘आपली नोंदणी या कायद्याखाली आहे का’ असे विचारावे. ‘पडू नयेत म्हणून बांधतो’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नये. खाट खाली घेणे, जमिनीवर गादी टाकणे, रात्री माणूस वाढवणे हे उपाय आधी करायचे असतात.

खोलीत आणि वागण्यात

चष्मा, कवळी, कानाचे यंत्र आणि काठी या चार वस्तू जागेवर आहेत का, हे आल्याआल्या पाहावे. कानाचे यंत्र कपाटात कुलूपबंद असेल, तर तो माणूस आठवडाभर कोणाशी बोललेला नाही. नखे, पायांच्या बोटांमधल्या बेचक्या, कानामागचा भाग, जिभेवरचा थर यांवरून अंघोळ आणि मुखशुद्धी खरोखर होते की नुसते तोंड पुसले जाते, हे समजते. फिनेलच्या उग्र वासाखाली लघवीचा वास येत असेल, तर चादर उचलून खालचे मेणकापड पाहावे.

वागण्यातला बदल वाचणे याहून कठीण. विशिष्ट व्यक्ती खोलीत आली की बोलणे मध्येच तुटते, खांदे आकसतात, हात तोंडावर जातो. अंगाला हात लावताच ‘नको, नको, मी करते’ असे घाईने म्हटले जाते. पूर्वी जेवणाची आवड असलेला माणूस ताटाकडे पाहतसुद्धा नाही. अशा खुणा एकदा दिसल्या तर नोंद करावी, दोनदा दिसल्या तर चौकशी. मात्र एकदोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ, बडबड किंवा भास हे मूत्रमार्गाच्या संसर्गाचे, पाणी कमी पडल्याचे किंवा औषधाच्या दुष्परिणामाचे लक्षणही असते. त्यासाठी आधी डॉक्टर, मग तक्रार.

स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती ‘मला मारतात’ किंवा ‘माझ्या बांगड्या चोरल्या’ असे म्हणते, तेव्हा केंद्र लगेच म्हणते, ‘त्यांचे काही मनावर घेऊ नका.’ आजारात खोटे संशय येतात, हे सत्य आहे. परंतु याच कारणाने तिची फसवणूक किंवा मारहाण करणे सर्वांत सोपे असते, हेही तितकेच सत्य आहे. म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहावेत आणि अंगावरच्या, वस्तूंच्या, नोंदवहीच्या पुराव्याशी ताडून पाहावेत. विचारताना ‘तुला कोणी मारते का?’ असे थेट विचारले, तर भीतीने ‘नाही’ येते किंवा आपल्याला खूश करण्यासाठी ‘हो’ येते. ‘रात्री तहान लागली तर कोणाला हाक मारतेस? येतात का? किती वेळाने?’, ‘आज अंघोळ कोणी घातली? पाणी कसे होते?’, ‘इथे कोण तुला आवडते, कोणाची भीती वाटते?’ असे बारीक, रोजचे प्रश्न विचारावेत. ते खोलीत विचारू नयेत. चाकाच्या खुर्चीवरून बाहेर अंगणात न्यावे, चहा पाजावा, आणि दहा मिनिटे नुसते शेजारी बसावे. बोलणे सहसा त्यानंतर सुरू होते.

भेटीची वेळ

केंद्राने ठरवून दिलेल्या रविवारी ११ ते १ या वेळेत दिसते ते तुमच्यासाठी मांडलेले असते. महिन्यातून निदान दोनदा सकाळी सातला, दुपारच्या जेवणाच्या वेळी किंवा रात्रीच्या आठ-साडेआठला जावे. जेवण भरवताना पाहावे: माणूस उठवून बसवला आहे की आडवाच आहे? आडव्या माणसाला भरवलेले अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. पूर्वसूचनेशिवाय कोणालाही कधीच आत सोडले जाणार नाही असा नियम असेल, तर माझ्या मते ते ठिकाण सोडण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

मुले अमेरिकेत, दुबईत किंवा बंगळुरूत असतील, तर येथे कोणीतरी एक माणूस नेमून द्यावा: भाचा, शेजारी, जुना मित्र, फॅमिली डॉक्टर. त्याचे नाव प्रवेश-अर्जावर लेखी घालावे, म्हणजे त्याला दारात अडवता येत नाही. व्हिडिओ कॉलवर फोन कोणाच्या हातात आहे याचा विचार करावा. ‘जरा पाय दाखवता का?’, ‘आईला उभे करून दाखवा’, ‘पाण्याचे भांडे कुठे आहे?’ असे सहज विचारावे, आणि कॉलची वेळ दर वेळी बदलावी.

दिसले तर

जीव धोक्यात असेल तर कागदपत्रांचा विचार नंतर. शुद्ध हरपत आहे, श्वास लागला आहे, डोक्याला मार आहे, जखमेला घाण वास येऊन ताप भरला आहे, हाड मोडल्याची शंका आहे, अशा वेळी १०८ ला फोन करून रुग्णालयात हलवावे. हल्ला होत असेल किंवा झाला असेल तर ११२. रुग्णालयात डॉक्टरांना ‘पडल्या’ एवढेच सांगू नये. आपल्याला काय दिसले, काय संशय आहे ते सांगावे आणि ते केसपेपरवर लिहिण्याची विनंती करावी. अशी दुखापत वैद्यकीय-न्यायिक प्रकरण, म्हणजे रुग्णालयाच्या भाषेत ‘एमएलसी’, म्हणून नोंदली गेली की पुढे पोलिसांना आणि न्यायालयाला तिचा मोठा आधार होतो.

धोका तातडीचा नसेल, तर पहिला आवाज चढवण्याआधी तीन कामे करावीत. डाग, जखम, मेणकापड, औषधांची पाकिटे यांची छायाचित्रे काढावीत. जखमेशेजारी नाणे ठेवले म्हणजे आकार कळतो. अंगाचे छायाचित्र काढताना त्या व्यक्तीला विचारावे आणि ते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर मुळीच टाकू नये. दुसरे, एका वहीत तारीख, वेळ, काय पाहिले, कोण हजर होते, कोण काय बोलले हे त्याच दिवशी लिहावे. तिसरे, दुसऱ्या एखाद्या ठिकाणी किंवा घरी, निदान आठ दिवसांची सोय होईल अशी खाट शोधून ठेवावी. ‘येथून काढून टाकले तर कोठे न्यायचे?’ ही धास्ती असल्यामुळेच बहुतेक नातेवाईक गप्प राहतात, आणि केंद्रचालकांनाही ते माहीत असते. पर्याय खिशात असलेला माणूस शांतपणे बोलू शकतो.

त्यानंतर व्यवस्थापकाला भेटावे आणि त्याच दिवशी ईमेलने किंवा पोच घेऊन पत्र द्यावे. पत्रात विशेषणे नकोत. ‘दि. ४ रोजी सायंकाळी ७ वाजता दोन्ही टाचांवर जखमा आढळल्या. ड्रेसिंगच्या नोंदवहीत नोंद नाही. गेल्या ३० दिवसांचा कूस-बदल तक्ता, वजनाच्या नोंदी आणि औषधांचा तक्ता यांच्या प्रती द्याव्यात. दर दोन तासांनी कूस बदलण्याची आणि हवेच्या गादीची व्यवस्था तीन दिवसांत करावी’ एवढे पुरे. सीसीटीव्ही असेल, तर अमुक तारखेचे चित्रण जपून ठेवावे असे त्याच पत्रात लिहावे, कारण बहुतेक यंत्रांत काही दिवसांनी जुन्यावर नवे चित्रण चढते. चांगले केंद्र अशा पत्रानंतर सुधारते, आणि तशी केंद्रे आहेत. वाईट केंद्र भेटीच्या वेळा कमी करते. तसे झाले की हलवण्याचा निर्णय घ्यावा.

तक्रार कोठे करायची हे त्या ठिकाणाची नोंदणी कशाखाली आहे यावर ठरते, म्हणून नोंदणी क्रमांक मागावा. विश्वस्त संस्था असेल, तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे. विश्वस्तांना निलंबित करण्याचा किंवा काढण्याचा अधिकार त्या यंत्रणेला आहे. शुश्रूषागृह म्हणून, म्हणजे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंद असेल, तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि शहराबाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. यांपैकी काहीच नसेल, तर तीच पहिली तक्रार: जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज आणि त्याची प्रत समाजकल्याण विभागाच्या सहाय्यक आयुक्तांना. अर्ज कसा लिहावा, कोणाला द्यावा, हे सुचत नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत विनाशुल्क विचारता येते. कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा सर्वांना ऐकून माहीत असतो, आणि म्हणून केंद्राविरुद्धची तक्रार घेऊन लोक प्रांत कार्यालयातील निर्वाह न्यायाधिकरणाकडे जातात. ते न्यायाधिकरण मुलांकडून किंवा वारसांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी आहे. त्या कायद्याचे कलम २४ मात्र येथे लागू पडू शकते: ज्याच्याकडे ज्येष्ठ नागरिकाचा सांभाळ आहे, त्याने त्याला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तपास सुरू करता येतो. पैसे थकले म्हणून आजोबांना सरकारी रुग्णालयाच्या दारात सोडून जाणाऱ्या केंद्राला हे कलम दाखवता येते, आणि आईला केंद्रात ठेवून फोन नंबर बदलणाऱ्या मुलालाही.

पोलिसांकडे जाताना कोणती कलमे लागू पडू शकतात याची कल्पना असलेली बरी. मारहाण, कोंडून ठेवणे, धमकावणे, पैशांचा अपहार यांसाठी भारतीय न्याय संहितेत वेगवेगळी कलमे आहेतच. शिवाय कलम ३५७ आहे, जे जणू याच प्रसंगासाठी लिहिलेले आहे: आजारामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे असहाय असलेल्या व्यक्तीची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणे हा गुन्हा आहे. शिक्षा किरकोळ, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अदखलपात्र. पण प्रवेशाचा करारनामा हाती असेल तर हे कलम लागू करण्यास आधार मिळतो. ज्येष्ठ व्यक्ती दिव्यांग असेल, आणि पक्षाघात किंवा पार्किन्सन यांमुळे अनेक जण त्या व्याख्येत बसतात, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ९२ अधिक धारदार आहे: ताब्यातील दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारल्यास किमान सहा महिने आणि पाच वर्षांपर्यंत कैद. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढण्याचा आळस करू नये, तो याच कारणासाठी. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद ठाण्यात घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली, यासाठी ग्राहक आयोगही खुला आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागते. वकील नसला तरी चालतो, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पावत्या जपून ठेवल्या नसतील तर मात्र हात बांधले जातात, म्हणून रोखीने पैसे देणे आजच थांबवावे. आर्थिक लुबाडणुकीबद्दल एवढेच सांगते, की एटीएम कार्ड, चेकबुक, सोन्याच्या बांगड्या आणि आधार कार्डाची मूळ प्रत केंद्रात ठेवू नये, आणि पासबुक दर महिन्याला भरून घ्यावे. हयातीच्या दाखल्यासाठी कोणी अंगठा घेत असेल, तर आपण समोर असावे.

हलवण्याचा दिवस आला, तर तो आधी जाहीर करू नये. वाहन आणि डॉक्टरांचा कागद तयार ठेवून सकाळी जावे. निघताना औषधांचा तक्ता, तपासणीचे अहवाल, डिपॉझिटची पावती आणि वस्तूंची यादी मागून घ्यावी; ती देण्यास नकार मिळाला, तर तो नकार तारखेनिशी वहीत उतरवावा. थकबाकीच्या वादापायी माणसाला अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही केंद्राला नाही, आणि तसे झाले तर तेथूनच ११२ फिरवावा. नव्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिल्याच तासात तेथील सिस्टरसमोर अंग पुन्हा नखशिखांत तपासून जखमांची नोंद करून घ्यावी, म्हणजे कोणती जखम कोठली यावरून पुढे वाद होत नाही.

आत्याला हलवले त्या सकाळी शेजारच्या खाटेवरच्या आजींनी माझा पदर धरला. त्यांना बोलता येत नव्हते. मी त्यांच्या पायांवरची चादर सरकवली, आणि तेथेही तेच होते. खाटेला लावलेल्या कार्डावर त्यांच्या मुलीचा नंबर होता. तो उतरवून घेऊन मी गाडीतूनच तिला फोन केला आणि म्हटले, “ताई, आज संध्याकाळी या, आणि आईंचे मोजे काढून बघा.”